झिगबोर्दीचा तळहात

“काच तुझ्या हातानं फुटली.”

“माझ्या हाताला नावं ठेवू नकोस. तू दोरी हिसडलीस म्हणून फुटली.”

क्पांडो गावच्या गाडीतळावर मी कोनफळाचे काप तळते. समोरच्या आंब्याखाली झिगबोर्दी आणि तिचा नवरा आगबेको गाड्यांच्या पुढच्या काचा बसवायचे. त्यांचं भांडण ऐकायला मला कान द्यावा लागत नसे, ते आपणच कानात येऊन बसायचं.

काच बसवणं हे दोघांचं काम. कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावून काच चौकटीवर टेकवायची. मग एकानं आत बसून दोरी ओढायची, दुसऱ्यानं बाहेरून तळहातानं थापटायचं. दोरी निघेल तिथं रबराची कड आत वळते आणि काच बसत जाते. झिगबोर्दीची थाप म्हणजे निजणाऱ्या पोराच्या पाठीवरची थाप. त्या हाताला तिचाच नवरा नावं ठेवत होता, तेही गिऱ्हाइकांसमोर!

“बस मग एकटा,” ती म्हणाली. “मी केटाला भावाकडे चालले. कायमची.” आणि अबोला.

दुसऱ्या दिवशी केटाकडे जाणारी गाडी एकच होती, सेनानूचा टोमॅटोचा जुना पिकअप. तिनं आपल्या ट्रंका त्यात चढवल्या. पण त्याच्या पुढच्या काचेला आरपार तडा होता, आणि पोलिसांनी मागच्याच खेपेला दम भरलेला.

सेनानू म्हणाला, “ताई, ही काच बदलल्याशिवाय मी तळ सोडत नाही.”

आता बदलणार कोण? हीच दोघं! रुसून निघालेल्या बायकोची गाडी नवऱ्यानं तयार करायची, आणि बायकोनं त्याला हात द्यायचा. मी कढई उतरवली. असा तमाशा काही रोज होत नाही.

आगबेकोनं आत बसून तडकलेल्या काचेला दोन्ही पायांनी रेटा दिला. बाहेर तिनं ती अलगद झेलली. नवी काच टेकवली. पण एकमेकांशी बोलायचं नाही, मग काचेशीच बोलणं सुरू झालं.

“काचे, आतल्या माणसाला सांग, हळू ओढ.”

“काचे, बाहेरच्या बाईला सांग, डावा कोपरा उपाशी राहिलाय.”

“काचे, त्याला विचार, डावा कुणाचा? त्याचा की माझा?”

सेनानूनं कपाळावर हात मारला. “काचे, या दोघांना सांग, माझ्या टोमॅटोंचा इथंच रस्सा होतोय!”

पण काम मात्र काय झालं, बाई! थाप, ओढ, थाप, ओढ. माणसं रुसली तरी हात रुसले नव्हते. वर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, थेंब आत गेला नाही. मला वाईटच वाटलं. जरा गळली असती तर ती आजच्यापुरती तरी थांबली असती. आगबेको काच पुसत राहिला. पुसायला काही उरलं नव्हतं, पण डोळे मागच्या ट्रंकांवर होते.

झिगबोर्दी पुढच्या सीटवर बसली आणि रागाच्या भरात दार आपटलं. धाड!

नव्या काचेच्या गाडीचं दार खिडक्या बंद असताना आपटायचं नसतं. कोंडलेली हवा काचेला आतून ढकलते, आणि रबर तर साबणानं बुळबुळीत. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट नाचवून कोण सांगायचं? झिगबोर्दीच! रबर फस्सकन सुटलं आणि अख्खी काच बॉनेटवरून घसरत आगबेकोच्या मिठीत आली.

काचेला ओरखडासुद्धा नाही. पण दोघं समोरासमोर, आणि निरोप न्यायला मध्ये कुणी नाही.

“ही कुणाच्या हातानं निघाली?” त्यानं सरळ तिलाच विचारलं.

तिनं ओठ दाबून पाहिले, गाल थरथरले, आणि मग ती अशी हसली की झाडाखालच्या कोंबड्या पळाल्या. “माझ्या. आणि कालची?”

“कालची दोरी मी हिसडली,” तो पुटपुटला.

“पुटपुटतोस काय? काल गिऱ्हाइकांसमोर बोललास ना? मग आजही त्यांच्यासमोरच बोल.”

काच छातीशी धरून आगबेको ओरडला, “अहो तळावरच्या लोकांनो! कालची काच मी फोडली! हिचा हात सोन्याचा आहे!”

“मग नुसता उभा काय राहिलास? साबण कालव,” ती खाली उतरत म्हणाली.

काच पुन्हा बसली तोवर सेनानूनं न विचारताच ट्रंका उतरवून ठेवल्या होत्या. “मला टोमॅटो पुरे,” म्हणाला.

पुढं ती केटाला जायची ती सणाला, नवऱ्याला घेऊन. भांडणं रोजचीच, पण ट्रंका कधी बाहेर निघाल्या नाहीत. होहोएहून नवी काच आणायची तर दोघांनी मिळूनच. गेल्या साली तिची शेवटची खेप झाली, तीही तशीच. गुडघे कुरकुरत होते तरी लॉरीच्या मागच्या बाजूला बसून काच घोंगडीत गुंडाळून दोघांनी मांडीवर धरली होती, आणि घोंगडी ओली कुणी केली यावर वाद चालला होता. उतरून तिनं माझ्याकडे काप खाल्ले, मीठ कमी म्हणून मला चार शब्द ऐकवले, काचेचे कोपरे बोटांनी चाचपले आणि बाह्या वर सारल्या.

“चल म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “बस आत.”