हुकमापुरती मलय

सहारच्या विमानतळावर आई माझी बॅग घट्ट धरून उभी होती आणि मी मोबाईलमध्ये बघून मलय शब्द पाठ करत होते. मलेशियातल्या जोहोरच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरी लागली होती, नवरा तिथे आधीच पोहोचला होता. तिथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मला घेतलं गेलं आणि पहिल्याच दिवशी एक यादी आली, रोजच्या वापराचे वीस शब्द. मी ते मोठ्याने घोकत होते. चपात. लागी. जाङान. पोचवायला आलेल्या शेजारणीला आई म्हणाली, "कसा पोपटासारख्या बोलता माझा चेडू." तिचे डोळे भरलेले होते आणि त्यातही तिला माझं कौतुक होतं. ते कौतुक आठवलं की मला आज स्वतःची शिसारी येते.

हे लिहितेय ते चारकोपच्या माझ्या मैत्रिणींसाठी आणि इकडे यायला निघालेल्यांसाठीही. परवा मुलुंडहून येणाऱ्या एका मुलीने ग्रुपवर विचारलं, "बेसिक मलयची लिस्ट आहे का गं कोणाकडे?" दोन मिनिटांत तीच यादी पुन्हा येऊन पडली. चार वर्षं झाली, एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. वाचून मी हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

तर ती यादी. चपात म्हणजे लवकर. लागी म्हणजे आणखी एकदा. जाङान म्हणजे नको करूस. ताक बोलेह, चालणार नाही. बुकान सित्तू, तिथे नाही. सापू, झाडू मार. सूदा, झालं का? अशा वीसच्या वीस ओळी. वर एक मथळा होता आणि तो मी तेव्हा नीट वाचलाही नव्हता: 'कामवालीशी बोलताना'. घाटकोपरहून कधीकाळी आलेल्या एका वहिनींनी उच्चारांचे निरोप रेकॉर्ड करून टाकले होते. सी लिहितात पण च म्हणायचा, बोलेहमधला शेवटचा ह हलकाच सोडायचा, ङ नाकातून काढायचा. शिकवायला बाई अगदी तरबेज. शेवटी त्या म्हणतात, "आणि आवाज जरा चढाच ठेवायचा. ह्यांना मान दिला की डोक्यावर बसतात." मी तो निरोप दहा वेळा ऐकला असेन. उच्चार पक्के व्हावेत म्हणून.

आता ज्यांना माझी आई माहीत नाही त्यांना सांगते. गिरणी बंद पडली तेव्हा बाबा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाले आणि आईने बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी धरली. बारावीपर्यंतची माझी फी त्या भांड्यांतून आली. घरी आली की ती त्या घरांबद्दल कधी बोलायची नाही. फक्त आमच्याकडे कुणी आलं, पोस्टमन असो की गॅसवाला, आधी त्याचं नाव विचारायची, मग पाणी द्यायची. आम्हां भावंडांना त्याचा कंटाळा यायचा. पुढे मी मरोळला एका कारखान्यात लागले, पगार आला, आणि आईचं काम सुटलं. आपण त्यातून सुटलो असं मला वाटलं होतं.

जोहोरमध्ये आम्ही दोघंही नोकरीला, फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. एजन्सीने दर शनिवारी एक बाई पाठवायला सुरुवात केली. जावाहून आलेली, माझ्याच वयाची. मी यादीतले शब्द वापरू लागले आणि गंमत अशी की ते चालले. चपात म्हटलं की ती भराभर हात चालवायची. आपल्याला मलय येतं अशा थाटात मी चारकोपला फोन करायचे. तिच्या चहासाठी मी बाल्कनीत एक वेगळा मग ठेवला होता. ग्रुपवर सगळ्याच ठेवत. "त्यांनाच आपली भांडी चालत नाहीत गं," असं सांगत. तिला चालतात का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला लागणारे शब्द यादीत नव्हतेच.

दोन वर्षांनी आई महिनाभर राहायला आली. पहिल्या शनिवारी ती बाई लादी पुसत होती आणि आई तिच्याकडे बघून नुसती हसत होती. बाई गेल्यावर आई म्हणाली, "माकाय चार शब्द शिकव. तिच्याबरोबर मुक्यासारख्या कितक्या बसूचा?"

मी फ्रीजवर लावलेली यादी काढली. आईने चष्मा लावला, समोर मांडी घालून बसली, आणि मी म्हणेन तसं म्हणू लागली. चपात. लागी. तिचा ङ माझ्यापेक्षा चांगला लागत होता. सहा-सात शब्द झाल्यावर तिने विचारलं, "ह्येचो अर्थ काय?"

मी एकेक सांगत गेले. लवकर. परत पूस. नको करूस. तिथे नाही. चालणार नाही. माझ्याच तोंडून ते मराठीत मी पहिल्यांदा ऐकत होते.

आईने चष्मा काढला. "ह्ये शब्द माका शिकवू नको," ती म्हणाली. "ह्ये माका येतत."

मग थोड्या वेळाने, "नाव काय तिचा?"

मला माहीत नव्हतं.

"दोन वर्सां तुझ्या घरात येता आणि नाव ठाऊक नाय?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि बाल्कनीतला तो मग धुऊन आणला. महिनाभर आई त्यातूनच चहा प्यायली. मी दुसरा कप पुढे केला की म्हणायची, "ऱ्हवांदे, ह्यो बरो आसा." शनिवारी ती त्या बाईला घरातल्या कपात चहा द्यायची, आणि ती प्यायची. भांडी चालत होती तिला.

आई गेल्यावर मी ती यादी फाडली आणि पहिल्यापासून शिकायला बसले. तेव्हा कळलं की नाव म्हणजे नामा, भाषा म्हणजे बाहासा, दुःख म्हणजे दुका. आपल्या कानाला ओळखीचे इतके शब्द त्या भाषेत पडलेले होते आणि आम्ही शहाण्यांनी वेचून हुकूम तेवढे उचलले होते. तरिमा कासिह, म्हणजे आभार, हे दोन शब्द मी तीन दिवस घोकले. मग 'कक, नामा सियापा?' ताई, नाव काय?

शनिवारी ती आत आल्याबरोबर विचारलं. आवाज मुद्दाम खाली ठेवला होता. तिच्या हातातली बादली खाली टेकली, चेहरा पांढरा पडला. "सायाचं काय चुकलं, पुआन?" अशा अर्थाचं काहीतरी ती पुटपुटली. साया म्हणजे मी, पुआन म्हणजे बाईसाहेब, एवढं आता मला समजत होतं. तिचं नाव कुणी विचारायचं ते फक्त एजन्सीकडे तक्रार करायची असली तर. मी मान हलवत राहिले, कासिह कासिह म्हणत राहिले, आणि ती माझ्या हातात फोन आहे का ते बघत राहिली. शेवटी तिने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

रविवारी आईचा फोन आला. "इचारलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"घाबरली गं."

आई म्हणाली, "माझा नाव कोणी इचारला की मीय घाबरायचंय."

पूर्वी घर म्हटलं की मला चारकोपची आमची खोली दिसायची. आता बोरिवलीतली ती स्वयंपाकघरं दिसतात, जिथे मी कधी गेले नाही आणि ज्यांबद्दल आई कधी बोलली नाही. ती स्वयंपाकघरं कशी होती हे तिला आता मला सांगायची गरज नाही. तसल्याच एकात, माझ्या घरी, ती महिनाभर राहून गेली.