पाचव्या घरचा जोगवा

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. लोक असे अनुभव लिहितात तेव्हा पहिल्या ओळीपासून त्यांचे हात जोडलेले असतात. माझं तसं नव्हतं. त्या वर्षी मी तुळजाभवानीच्या फोटोला रोज हळदकुंकू वाहत होते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. दिवा लावायचा आणि म्हणायचं, आई, तुला दिसतंय ना सगळं, मग नुसती बसलीस कशाला? असं म्हटल्यावर पुन्हा गालात मारून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. लग्नानंतर हे चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर, लागले, कुरुळीत खोली घेतली आणि इथलेच झालो. मी कंपनीतल्या पोरांची खानावळ चालवते, दोन्ही वेळचे डबे. एकच लेकरू. झालं तेव्हा मुलगी झाली म्हणून यांनी आख्ख्या चाळीत बर्फी वाटली होती. सतराव्या वर्षी त्या लेकराने माझ्यासमोर बसून सांगितलं की मी मुलगी नाही, कधीच नव्हतो, आणि मला यश म्हण. आता मी यशच म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. तेव्हा मी लिंबू उतरवलं, भावाला गावाकडून बोलावून चार गोष्टी सुनावायला लावल्या, मोबाइल काढून घेतला. लेकराने भांडण केलं नाही. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. आयटीआय पूर्ण करून तो कंपनीत ट्रेनी लागला, पण छाती दिसू नये म्हणून इतकं घट्ट बांधून जायचा की एकदा लाइनवरच चक्कर येऊन पडला. त्या दिवशी त्याची पट्टी सोडताना मी अंगावरचे वळ बघितले. मग मात्र म्हटलं, चल, डॉक्टरकडे जाऊ.

इथून माझ्या चपला झिजायला सुरुवात झाली. यशने सगळं वाचून ठेवलं होतं: आधी मनाच्या डॉक्टरांशी बोलायचं, त्यांनी पत्र दिलं की हार्मोनचे डॉक्टर तपासण्या करून औषध सुरू करतात. ऐकायला किती सोपं. चाकणच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता मला सांगितलं, लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल. मोशीच्या डॉक्टरबाईंनी पाळी वेळेवर यावी म्हणून गोळ्या लिहून दिल्या, आणि माझं लेकरू दर महिन्याला ती येते म्हणूनच भिंतीवर डोकं आपटत होतं. भोसरीत एकांनी सांगितलं की हे आमच्याकडे होत नाही. मग कुठे होतं, विचारलं, तर म्हणाले ते आम्हाला माहीत नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने आधारवरचं नाव मोठ्याने वाचलं, यशकडे बघितलं, परत वाचलं आणि शेजारच्याला बोलावून दाखवलं. यश तिथून निघाला तो थेट बस स्टॉपवर. मी मागून पळतेय आणि तो वळून बघत नाही.

शेवटी पिंपरीत एक मनाचे डॉक्टर मिळाले. माणूस वाईट नव्हता, यशशी तीनदा नीट बोलले. पत्र देतो म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले पुढच्या वेळी, दुसऱ्यांदा म्हणाले वडिलांची सही आणा. अहो, एकोणीस वर्षांच्या पोराला मत देता येतं, प्रेसखाली हात घालता येतो, आणि स्वतःच्या अंगाबद्दल बोलायला बापाची सही लागते? हे घरात तोंड उघडायचेच नाहीत. काही विचारलं की "तू बघ." एवढंच. माझ्या नाकी नऊ आले होते.

आणि मग मला ती बाटली सापडली. यशच्या कंपनीच्या बॅगेत, डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेली. बोटभर काचेची बाटली, आत पिवळसर तेल. तो जिमला जायचा तिथल्या कुणीतरी दिली होती. बॉडी बनवणारी पोरं घेतात म्हणे, पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन. हा स्वतःच मांडीत टोचून घेत होता. मांडीवर लिंबाएवढी लाल गाठ आलेली, हात लावला तर गरम. मी ओरडायला तोंड उघडलं तर तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर देत नाहीत, मम्मी. मग मी काय करू?" बाटली मी काढून घेतली, पण एक घेतली तर तो दुसरी आणेल हे कळत होतं. त्या तेलात काय होतं कोण जाणे. कुठल्या सुईने काय होऊन बसेल या धास्तीने मी रोज सकाळी आधी त्याचा श्वास बघायचे, मग गॅस पेटवायचे.

तेव्हा सासूबाईंचा गावाहून फोन आला. त्या म्हणाल्या, पाच घरं जोगवा माग. देवीच्या नावाने पाच घरांसमोर परडी धरायची, घालतील ते कोरडं पीठ घ्यायचं आणि त्याची भाकरी करून घरात खायची. आमच्या घरात ते आहेच. दोन नियम त्यांनी मला परत परत सांगितले. कशासाठी मागतेय ते आपणहून सांगायचं नाही. आणि कुणी काहीही घातलं, किडकं असो, जाडंभरडं असो, परडी मागे घ्यायची नाही. आता मी कबूल करते की मी देवीकडे काय मागायला निघाले होते. दिवसा मी लेकराला घेऊन डॉक्टर शोधत होते, आणि जोगव्याचा संकल्प केला तो मात्र असा: याच्या डोक्यातलं हे खूळ जाऊ दे. एका तोंडाने दोन मागण्या. मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

शुक्रवार होता. डॉक्टरांनी पत्र न्यायला बोलावलं होतं. यशची फर्स्ट शिफ्ट, म्हणून मी एकटीच गेले. पिशवीत परडी होती, दाखवायला म्हणून ती बाटली होती, आणि यांच्याकडून भांडून घेतलेली सही होती. दोन तास बसले. मग आतून निरोप आला की डॉक्टर परगावी गेलेत, पुढच्या आठवड्यात या. मी रिसेप्शनच्या मुलीला बाटली दाखवायला गेले तर ती म्हणाली, हे इथे ठेवू नका. माझं डोकं इतकं तापलं होतं की त्या तिरीमिरीतच मी ठरवलं, आज जोगवा मागायचाच. कुरुळीत सगळे ओळखतात, डबेवाल्या काकूंनी परडी धरली म्हणून गावभर झालं असतं. म्हणून मोशीला उतरले.

जुन्या गावठाणात चार घरं पटापट झाली. कुणी ज्वारीचं घातलं, कुणी गव्हाचं. एका म्हातारीने तर पाया पडून घातलं. पाचवं घर राहिलं आणि गल्लीच संपली. पुढे सगळ्या नव्या सोसायट्या. आणि मी शहाणी परडी घेऊन त्यातल्या एकीच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

वॉचमनने विचारलं, कुणाकडं जायचंय मावशी? म्हटलं, कुणाकडेही, जोगवा मागायचाय. पोरगा आपल्याच बाजूचा, लातूरकडचा निघाला. पण त्याचाही नाइलाज होता. त्याच्या हातातल्या मोबाइलवर कोण आलंय ते टाकावं लागतं आणि आतल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय सोडता येत नाही. त्यात डिलिव्हरी होतं, कॅब होतं, कामवाली होतं, पाहुणे होते. जोगवा नव्हता. देवीच्या नावाने दारात उभं राहायलाही आता कुणाची तरी परवानगी लागते, हे बघून मला हसावं की रडावं कळेना. त्याने तीन फ्लॅटना विचारलं, तिघांनी नाही म्हटलं. मी म्हटलं, राहू दे बाबा. तर म्हणाला, थांबा, एक बाई देवीचं करतात, त्यांना विचारतो, आणि पाहुणे म्हणून टाकलं. लगेच हो आलं.

वर गेले. दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी, हसतच, आणि मला बघून त्यांचं हसू थांबलं. त्यांची नणंद रावेतहून यायची होती. ती आली असं समजून त्यांनी न बघताच बटण दाबलं होतं. वॉचमनने फ्लॅटचा नंबर चुकवला होता. देवीचं करणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर राहत होत्या. मी वळलेच होते. त्या म्हणाल्या, "अहो थांबा, आलात तशा आहात. माझ्याकडे नाचणीचं आहे, चालेल का?" बोलणं कोकणातलं. पीठ घालता घालता त्यांनी सहज विचारलं, मुलांसाठी मागताय का?

नियम होता सांगायचं नाही. आपणहून सांगायचं नाही, विचारल्यावर काय करायचं ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी नियम मोडायचा म्हणून मोडला नाही, माझा तोलच गेला. त्या बिचाऱ्या अनोळखी बाईवर मी सगळ्या डॉक्टरांचा राग काढला. मुलीसाठी म्हटलं, मग मुलासाठी म्हटलं, मग म्हटलं तुम्हाला काय सांगू कशासाठी ते, सांगून कुणाला कळतंय, आणि पिशवीतली बाटली काढून त्यांच्यासमोर धरली. आता या दार लावणार, असं मला वाटलं.

त्यांनी आतून चष्मा आणला. बाटलीवरचं वाचलं. मग विचारलं, "किती वेळा टोचलं? गाठ आलीय का? ताप?"

दीड वर्षात मला कुणी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न होता. मी तिथेच उंबऱ्यात बसले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, रडायचं नंतर, आधी उत्तरं द्या. त्या सिस्टर होत्या. शुगर-थायरॉइडच्या ओपीडीत कितीतरी वर्षं काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. ज्या डॉक्टरांकडे त्यांनी काम केलं ते अशा मुलांनाही बघायचे. हार्मोनचे डॉक्टर म्हणजे तेच, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं. त्यांनी लगेच फोन लावला. मांडीची गाठ आजच्या आज दाखवा म्हणाल्या, कुठे ते सांगितलं, आणि गुरुवारी कंपनीला सुट्टी असते ना, मग गुरुवारी मुलाला घेऊन या, मी पण येते. मुलाला, असं त्या सहज म्हणाल्या.

गाठ वेळेत दाखवली म्हणून औषधावर निभावलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर कापावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले. गुरुवारी सिस्टर खरोखरच हॉस्पिटलच्या दारात उभ्या होत्या. हे पण आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि जिथे सांगितलं तिथे न बोलता सही केली, गरज नव्हती तिथेही. हार्मोनच्या डॉक्टरांनी यशला आधी विचारलं, तुला काय म्हणू? रक्त तपासलं, मग तिथल्याच मनाच्या डॉक्टरांकडे काही वेळा बसवलं. लगेच काही दिलं नाही. महिने गेले. मधे एकदा खिडकीवर परत जुन्या नावाने हाका मारल्या, एकदा रिपोर्टच हरवला, आणि मी दोन्ही वेळा कडाकडा भांडले. देवी भेटली म्हणून सरकारी आणि खासगी खिडक्या सुधारतात असं काही नाही. पण औषध सुरू झालं, नीट, तपासून, आणि सुई सिस्टरांच्या हातून. आता यशचा आवाज फुटलाय. खानावळीतली पोरं त्याला भावा म्हणतात आणि तो ताटात दुसऱ्यांदा भाजी मागतो.

वॉचमनने नंबर चुकवला, यात चमत्कार होता की नुसती चूक, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरून आले. तिच्यासमोर बोलायचं म्हणून खूप काही घोकलं होतं, पण माझं भांडण संपलेलं होतं आणि दुसरं काही पाठ नव्हतं. नुसती उभी राहिले.

एक सांगायचं राहिलं. त्या शुक्रवारीच, मांडी दाखवून आल्यावर, संध्याकाळी मी पाच घरच्या पिठाची भाकरी केली. नाचणीमुळे काळपट झाली होती. यशने विचारलं, हे कसलं पीठ? मी सांगितलं जोगव्याचं. माझ्यासाठी? हो. त्याने माझ्याकडे बघत विचारलं, "काय मागितलंस?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "तुझं हे खूळ जाऊ दे, असं मागितलं होतं."

त्याचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, पण परडीत ते पडलं नाही, दुसरंच पडलं, आणि परडी मागे घ्यायची नसते. मग सिस्टरांचं सगळं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. त्याने भाकरी संपवली, हात धुतले आणि तो दारामागच्या त्याच्या जिमच्या बुटांकडे गेला. एका बुटात हात घालून त्याने रुमाल काढला. त्यात अजून तीन बाटल्या होत्या. मला माहीतही नव्हत्या.

ओट्यावर रिकामी परडी होती. ती मी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. त्याने एकेक करून तिन्ही बाटल्या तिच्यात ठेवल्या.