सुनीतीताईंचं अधिवेशन

सुनीतीताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसात होतो. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या यजमानांनी, श्रीधररावांनी, पुण्याहून लिहिलं होतं, "सुनीती आज गेली." वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला सवय असते, बातमी आली की आधी खात्री करायची. मी फोन लावला. श्रीधरराव "खरं आहे" एवढंच म्हणाले... मी काय विचारणार हे त्यांना माहीत असावं. तोवर ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. त्यात एकच वाक्य वेगळं होतं, गोरख शेळकेचं. "ताई, ठराव राह्यला." एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या, पारनेरकडच्या या माणसाने श्रद्धांजली म्हणून असं का लिहिलं, ते समजायला सुनीतीताईंची ओळख करून द्यायला हवी. शंभरएक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन विधिमंडळाचीही.

सुनीती वझे साताऱ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. श्रीधररावांना कतारमध्ये, दोह्यात, बांधकाम कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्या शिकवणं सोडून इथे आल्या आणि बिन महमूद भागातल्या एका फ्लॅटमध्ये राहू लागल्या. मी पुढे काही वर्षांनी आलो, शेजारच्या इमारतीत. पहिल्या भेटीत त्यांनी माझा व्यवसाय विचारला आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारणं बंद केलं. "काय पत्रकार, आज काय छापलं?" मी आता एका कंपनीची माहितीपत्रकं लिहितो, हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या अभ्यासाचा विषय मी विचारला. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका राज्याचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, एक अधिवेशन. "फक्त एक?" मी विचारलं. "एक नीट वाचलं की बाकीची ओळखीची होतात," त्या म्हणाल्या. राज्याचं नाव त्या सहसा सांगत नसत. नाव सांगितलं की लोक फोनवर नकाशा उघडतात आणि मुद्दा तसाच राहतो, अशी त्यांची तक्रार होती.

त्या अधिवेशनाची गोष्ट त्या इतक्यांदा सांगत की तपशील आम्हा सगळ्यांना पाठ झाले होते. हिवाळा. शेतकरी, वकील, दुकानदार, खाणमालक असे सभासद आगगाडीने राजधानीत आलेले, हॉटेलांत दोघं-दोघं एका खोलीत उतरलेले. सभागृहात कोळशाची शेगडी, तंबाखूचा धूर, थुंकण्यासाठी पितळी भांडी. आणि वर गॅलरीत बायका. घरून डबे घेऊन येणाऱ्या, विणकाम करत ऐकणाऱ्या. त्यांना मताचा हक्क द्यावा असा ठराव खाली मांडलेला होता. सुनीतीताई सांगत, त्या ठरावाला उघड विरोध जवळपास कुणीच केला नाही. तो समितीकडे गेला, समितीतून परत आला, आणि दर वेळी कामकाजाच्या यादीत शेवटी पडला. अधिवेशनाचे दिवस राज्यघटनेने ठरवून दिलेले. शेवटच्या दिवशी वेळ संपत आली आणि सभासदांना हवा असलेला रस्त्यांच्या पैशांचा ठराव अजून व्हायचा होता, तेव्हा द्वारपालाने शिडी लावली आणि भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळात मुदत संपत नाही तोवर अधिवेशन चालू, अशी तिथली रीत. थांबलेल्या घड्याळाखाली रस्त्यांचा ठराव मंजूर झाला. मग घड्याळ पुन्हा सुरू केलं, आणि बायकांचा ठराव वेळेअभावी राहिला. इथे त्या थांबत आणि समोरच्याकडे बघत. कुणी तरी विचारायचंच, "मग?" "मग काय, बायकांनी डबे उचलले, घरी गेल्या आणि पुढच्या अधिवेशनाला परत आल्या. तेव्हा झाला."

आता मंडळाविषयी. इथल्या मोठ्या, नावाजलेल्या संस्थांपैकी ते नाही. अल सद्द आणि बिन महमूदमधली काही कुटुंबं आळीपाळीने एकमेकांकडे जमायची, त्याचं पुढे मंडळ झालं. गणपती, संक्रांत, दिवाळीचा फराळ, महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. नियम सुरुवातीच्या काळातलाच राहिला. सभासदत्व कुटुंबाचं आणि कुटुंबाला एक मत. फॉर्मवर नाव नवऱ्याचं, त्यामुळे मतही त्याचं. एकटे राहणारे पुरुष, म्हणजे घरदार गावाकडे ठेवून इथे वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर म्हणून काम करणारे, नियमात बसतच नव्हते. त्यांना कार्यक्रमाला बोलावलं जाई. गणपतीचं मखर गोरख आणि त्याच्या खोलीवरचे सोबती उभं करत, सतरंज्या घालत, विसर्जनानंतर हॉल झाडून किल्ली परत देत. वार्षिक सभेत ते मागच्या रांगेत बसत. हात वर करण्याची वेळ आली की त्यांचे हात मांडीवर असत. त्याच रांगेच्या पुढे बायका बसत... सुनीतीताईही. बाईंचं अख्खं आयुष्य मताधिकाराच्या अभ्यासात गेलं आणि ज्या मंडळासाठी त्या वर्षानुवर्षं राबल्या तिथे त्यांना मत नव्हतं.

त्यांनी दुरुस्ती सुचवली ती अगदी छोटी होती. कुटुंबाऐवजी माणूस. प्रत्येक प्रौढ माणसाला सभासदत्व आणि मत. अध्यक्ष होते पराग दातार, एका कंपनीत फायनान्स बघणारे, कामाला वाघ, स्वभावाने सरळ. त्यांनी ठराव सभेच्या विषयांत घातला, पण सर्वांत खाली. जमाखर्च झाला, गणपतीच्या जागेवरून वाद झाला, सामोशांवर झाला, आणि शेवटच्या विषयाला हात घालायच्या आत हॉलचा राखणदार दारात उभा राहिला. "खलास, सर." दिवे मालवायला त्याने सुरुवातही केली होती. सुनीतीताई उठल्या. "पार्किंगमध्ये पुढे चालू करू या का? दिवे आहेत तिथे."

"वहिनी, पार्किंगमध्ये सभा?" दातार म्हणाले. "आणि माझा विरोध नाहीच हो. पण विषय मोठा आहे, निवांत घेऊ. शिवाय घरात मत एकच असतं ना?"

"आमच्या घरात कधीच नसतं. विचारा यांना."

श्रीधररावांनी खुर्च्या रचण्यात लक्ष घातलं. सगळे हसले आणि सभा संपली. बाहेर पडताना मागच्या रांगेतला गोरख त्यांना म्हणाला, "ताई, आमच्यामुळं कशाला भांडण घेता? आमचं काय, दोन वर्षं हाय का नाय." सुनीतीताई म्हणाल्या, "दोन वर्षं, दोन वर्षं करत तू किती वर्षं काढलीस?"

पुढच्या महाराष्ट्र दिनाला दर वेळच्या एकांकिकेऐवजी सुनीतीताईंनी ते अधिवेशन बसवलं. संवाद त्यांनी तेव्हाच्या तिथल्या वर्तमानपत्रांतल्या वार्तांकनावरून मराठीत उतरवले. "तुमच्या धंद्यातली माणसं त्या काळी कामाची होती," असं मला सुनावूनही घेतलं. दातार झाले सभापती, श्रीधरराव द्वारपाल. मला नोंदणी कारकून केलं, नावं पुकारायची आणि हो-नाही मोठ्याने वाचायचं. गॅलरी म्हणून हॉलच्या मागे एक चौथरा उभारला आणि त्यावर गोरख आणि इतर आठ-दहा जण बसवले. तालमीला गोरखने विचारलं, "ताई, आम्हाला डायलॉग काय?"

"काही नाही. बसायचं आणि ऐकायचं."

"मग तालीम कशाला? हे तर आमचं रोजचंच हाय."

प्रयोग चांगला झाला. श्रीधरराव स्टुलावर चढून घड्याळ थांबवायला गेले तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण मला आठवतं ते त्याआधीचं. दातारांच्या तोंडी एक भाषण होतं. "या मागणीला माझा विरोध नाही. प्रश्न फक्त योग्य वेळेचा आहे. आणि घराचं मत घरात आधीच ठरलेलं असताना ते दोनदा मोजायचं कशाला?" तालमीत ते सलग म्हणून जात. त्या दिवशी समोर लोक होते, मागे चौथऱ्यावर गोरख होता. दुसऱ्या वाक्यानंतर दातारांचा आवाज मंदावला, त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि उरलेलं भरभर संपवलं. नंतर चहाच्या टेबलापाशी ते सुनीतीताईंना गाठून म्हणाले, "वहिनी, ही वाक्यं तुम्ही माझी घेतलीत."

"नाही हो. कात्रणं दाखवते घरी. तुम्हीच त्यांची घेतलीत."

दातार रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. ते खरंच त्यांच्या घरी कात्रणं बघायला गेले. पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी ठराव सर्वांत वर घेतला, आणि सुनीतीताईंच्या आग्रहावरून नावं पुकारून मतं घेतली. दातारांनी स्वतः "नाही" म्हटलं, पण मोठ्याने म्हटलं. बहुमत मिळालं, नियम बदलायला लागणारं दोन तृतीयांश मिळालं नाही. ठराव पडला. सुनीतीताई तेव्हा आजारी होत्या, आणि किती ते फक्त श्रीधररावांना माहीत होतं. घरी परतताना गाडीत मी त्यांना धीराचे दोन शब्द बोलायचे म्हणून बोलू लागलो तर त्यांनी मला थांबवलं. "अरे, मागच्या वर्षी कुणी नाही म्हणालंच नव्हतं. या वर्षी नावानिशी म्हणाले. आता त्यांच्याशी बोलता येईल ना." नंतरच्या आठवड्यांत त्या खरोखर बोलल्या. एकेकाला फोन करून, कधी चहाला बोलावून. मतपरिवर्तन हा शब्द त्यांनी वापरला नाही. "त्याला काय भीती वाटते ते ऐकून घ्यायचं," एवढंच म्हणत. कुणाला भीती होती की कार्यक्रमांचं स्वरूप बदलेल. कुणाला, की आपण अल्पमतात जाऊ. "जाल की," त्या सांगत. "मी जन्मभर आहे. जगता येतं."

मग त्या उपचारांसाठी पुण्याला गेल्या. फोनवर आधी गोरखचं विचारत, मग दातारांचं, मग माझं. शेवटच्या बोलण्यात आवाज खोल गेला होता. मी म्हटलं, ताई, पुढच्या सभेला तुम्ही हव्यात. त्या म्हणाल्या, "माझं मत कुठे आहे तिथे?" आणि हसल्या... फोन श्रीधररावांनी घेतला.

श्रीधरराव दोह्याला परत आल्यावर दातारांनी विशेष सभा बोलावली. शोकप्रस्ताव झाला, सगळे उभे राहिले, बसले. दातार म्हणाले, "मी मागच्या वेळी नाही म्हणालो होतो. आज हो म्हणतो. वहिनी गेल्या म्हणून नव्हे, कात्रणं दाखवताना त्यांनी मला 'मग योग्य वेळ कोणती?' असं विचारलं होतं, त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही म्हणून." नावं पुकारण्याचं काम माझ्याकडे आलं. श्रीधररावांचं नाव आलं तेव्हा ते उभे राहून "हो" म्हणाले. ठराव मंजूर झाला. मागच्या रांगेत टाळी वाजली नाही. तिथल्या लोकांना बहुधा कळलंच नाही की आता वाजवायला हरकत नाही. मग गोरखने वाजवली.

नव्या नियमाने पहिलं मतदान गेल्या आठवड्यात झालं. प्रश्न गणपतीच्या मुख्य कार्यक्रमाच्या वाराचा होता. वर्षानुवर्षं तो शनिवारी संध्याकाळी होतो. मुलांचे क्लास, आमची विश्रांती, सगळं त्याला जुळलेलं. गोरखने शुक्रवार सकाळ सुचवली, कारण आम्हा ऑफिसवाल्यांना शुक्रवार-शनिवार दोन्ही सुट्टी असली तरी त्याच्यासारख्यांना तेवढीच. मी शनिवारच्या बाजूने बोललो, मुद्देसूद बोललो असं मला वाटतं. श्रीधररावांनीही शनिवारला मत दिलं. माझ्या बायकोचं हे मंडळातलं पहिलंच मत होतं. तिने माझ्याकडे न बघता शुक्रवारसाठी हात वर केला. आम्ही हरलो. गोरख येऊन म्हणाला, "वाईट नका वाटून घेऊ, पत्रकार." ही हाक त्याने पहिल्यांदाच मारली.

काल शुक्रवारी तयारीची बैठक वझ्यांच्या घरी होती. खुर्च्या कमी, माणसं जास्त. दारात चपलांचा ढीग. खिडकीजवळच्या सोफ्याच्या कोपऱ्यात सुनीतीताई बसत, ती जागा कुणी न सांगता मोकळी राहिली होती. लोक खाली सतरंजीवर दाटीने बसले, कुणी भिंतीला टेकून उभे राहिले. बैठक निम्मी झाल्यावर लातूरकडचा एक ड्रायव्हर आला, नुकताच दोह्यात आलेला, सुनीतीताईंना कधी न पाहिलेला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि रिकामी जागा दिसली म्हणून तिथे जाऊन बसला. गोरख काही बोलणार होता. त्याच्या आधी श्रीधरराव स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आले, तो त्या माणसाच्या हातात दिला आणि विचारलं, "तुम्ही नवीन दिसता. तुमचं काय मत?"

तो गडबडला. "माझं? मी आत्ताच आलो की, साहेब."

"तरी."

त्याने चहाचा घोट घेतला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "असं करा," तो म्हणाला. "भाषणं कमी ठिवा आन् जेवण लवकर वाढा. लोकं लांबून येत्यात."

दातारांनी ते लिहून घेतलं.