शंभर टक्क्यांच्या बाई

आमच्या गावच्या हायस्कूलचं वय बारा वर्षं, पण मिजास शंभर वर्षांची. काष्टीच्या रस्त्याला पत्र्याच्या चार खोल्या, पुढं झेंड्याचा कट्टा, आणि फाटकावर एखाद्या पुढाऱ्याला लाजवील असा फ्लेक्स : ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. खाली पोरांचे फोटो, सगळ्यात वर बाईंचा. माझं दूध संकलन केंद्र फाटकासमोरच आहे, त्यामुळे तो फ्लेक्स मला रोज बघावा लागतो.

बाई म्हणजे दमयंती जोर्वेकर, गणिताच्या. माहेर नगरचं, घराण्यात तीन पिढ्यांची मास्तरकी. नवरा माधवराव साखर कारखान्यात कारकून, अगदी गरीब गाय. शाळा निघाली तेव्हा पोरं मिळेनात. बाई स्कूटीवरून वस्त्या-वस्त्यांवर हिंडल्या, लोकांच्या ओट्यावर बसून पोरं मागून आणली, पहाटे फुकट तास घेतले. खोटं कशाला बोलू, असं गणित शिकवणारं माणूस या भागात दुसरं नाही. पहिल्या वर्षी झाडून सगळी पोरं पास झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गुलाल उधळत मिरवणूक निघाली, आणि तिथंच माशी शिंकली. दरवर्षी मिरवणूक निघालीच पाहिजे, असं होऊन बसलं. एका साली एक पोरगं घसरलं. मिरवणूक राहिली, आणि जूनमध्ये अर्धी पोरं काष्टीच्या जुन्या शाळेकडं वळली. संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. तिथून आल्यावर बाईंनी तोड काढली.

तोड अशी. एक मेला झेंडावंदन झालं की बाई माईकवर दहावीत घेतलेल्यांची नावं वाचणार. ज्याचं नाव येईल त्यानं ओळीतून पुढं येऊन कट्ट्याच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. मग टाळ्या. ज्यांची नावं येत नाहीत, त्यांना कोणी काही बोलत नाही. टाळ्या संपल्या की त्यांनी ऑफिसातून दाखला घ्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं. पास झाले तर देवाची कृपा. नापास झाले तर शाळेच्या निकालाला डाग नाही. शाळेत याला परंपरा म्हणतात. आमच्याकडं दोनदा केलेल्या कशाचीही परंपरा होते.

मालनबाईची रेश्मा अशीच ओळीत उभी राहिली होती. पळण्यात जिल्ह्यात पहिली आलेली पोर. फोटो फ्लेक्सवर, आणि पोर शाळेबाहेर. मालनबाई बाईंच्या पाया पडली. बाई म्हणाल्या, “एकीसाठी नियम मोडला तर बाकीच्यांनी काय पाप केलं?” रेश्मानं पुढं फॉर्म भरलाच नाही. आता ती आईबरोबर कांदा काढायला जाते.

आणि मग बाईंचा एकुलता एक शौनक नववीत आला. आईचं गणित पोरात काही उतरलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरांना बाई पुन्हा पुन्हा समजावून सांगायच्या, याच्यावर मात्र भर वर्गात ओरडायच्या. फळ्यापुढं उभा केला की पोरगं घामानं डबडबायचं. पण मोठं लाघवी. दूध न्यायला आलं की न सांगता माझे कॅन उचलू लागायचं. पार्थ झरेकर त्याचा जिवाभावाचा दोस्त, पाचवीपासून एकाच बाकावर. “भीमाकाका,” तो मला म्हणायचा, “मला नंबर नको, काही नको. दहावीत पार्थशेजारी बसायला मिळालं की झालं.”

वार्षिक परीक्षेत शौनक गणितात आपटला. गावाला एवढंच पाहिजे होतं. मालनबाई केंद्रावर येऊन म्हणाली, “आता बघू की! सोताच्या पोराचं नाव वाचत्यात, का आमच्याच पोरीवर जोर हुता?” लोकांनी चहाच्या पैजा लावल्या. हेडमास्तर आदिनाथ सर मऊ माणूस. त्यांनी आपणहून यादीत शौनकचं नाव घातलं आणि पोराला बोलावून सांगितलं, “काळजी करू नको, तुझं नाव आहे.” पोरगं रस्ता ओलांडून पळतच माझ्याकडं आलं. मी त्याला थंडगार मसाला दुधाची बाटली फोडून दिली.

एक मेला सगळा गाव लोटला. एरवी झेंड्याला न फिरकणारेही अंघोळ करून आले होते. बाई कडक इस्त्रीच्या साडीत माईकपुढं उभ्या राहिल्या. “घोडके सृष्टी.” सृष्टी पुढं गेली. पुढचा नंबर आपला, हे शौनकला माहीत होतं. त्यानं शर्ट नीट खोचला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

बाई थांबल्या. मान वर करून त्यांनी पोराकडं पाहिलं. मी अगदी समोर होतो, मला स्वच्छ दिसलं. त्यांनी पोराचा चेहरा पाहिला, पुढं टाकलेला पाय पाहिला, आणि मग नाव वाचलं, “झरेकर पार्थ.”

पार्थ जागचा हललाच नाही. बाईंनी दरडावून पुन्हा नाव घेतलं तेव्हा गेला, मागं वळून बघत बघत. शौनक तसाच उभा, एक पाय ओळीत आणि एक पुढं. पाय मागं घ्यायचंही त्याला सुचलं नाही. मालनबाई हसायलाच आली होती आणि मोठ्यानं हसलीही, पण बाकी कोणीच हसेना. “आगं बया,” ती हळूच म्हणाली, “ही आई हाय का कोन हाय?” माधवराव कुंपणाबाहेर उभे होते. ते आत आले नाहीत.

संध्याकाळी बाई स्वतः दूध न्यायला आल्या. मला राहवलं नाही. म्हणालो, “बाई, पोटच्या पोराला?”

“भीमाभाऊ,” त्या म्हणाल्या, “आता तरी कोणी म्हणणार नाही, दमयंतीनं लोकांचीच पोरं काढली म्हणून. आता सगळे सारखे.” त्यांच्या तोंडावर दुःख होतं, नाही असं नाही. पण त्याच्यावर समाधानाची साय धरली होती. आजवरचं सगळं एका दिवसात धुऊन निघालं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला त्यांचा असा राग आला की तो अजून गेलेला नाही. पापं हिनं करायची आणि फेडायची पोरानं!

गावानं मात्र बाईंना डोक्यावर घेतलं. अध्यक्षांनी जिथं माईक मिळेल तिथं ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या साली काठावरचीसुद्धा पोरं दाखला देऊन वाटेला लावली, तिप्पट तरी असतील. पूर्वी आईबाप भांडायचे, रडायचे, एखादा अध्यक्षांच्या अंगावर धावून जायचा. आता अध्यक्षांकडं एकच उत्तर होतं, “बाईंनी सोताचा सोडला न्हाई, तुझं कोन लागून गेलंय?” लोक मुकाट दाखला घेऊन घरी जायचे.

शौनक वर्षभर घरात बसला आणि बाहेरून दहावी पास झाला. गणितातसुद्धा. म्हणजे त्याला घेतला असता तरी निकाल शंभरच लागला असता. हे मी बाईंच्या तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, “ते आधी कसं कळणार?” मिरवणुकीच्या दिवशी पार्थ ट्रॉलीतून उडी मारून गुलालाच्या अंगानं त्याच्या घरी गेला. शौनकनं दार उघडलं नाही.

तोवर पोरांनी एक नवीनच बोलणं काढलं होतं. एप्रिल आला की एकमेकांना विचारायची, “औंदा किती शौनक?” पोरांचं ऐकून मोठी माणसं म्हणायला लागली. नाव कोणाचं, कुठून आलं, याच्याशी कोणाला देणं-घेणं नव्हतं.

या एप्रिलमध्ये झुंबरबाई माझ्याकडं आली. लांबच्या वस्तीवरची म्हातारी, केंद्राला दूध घालते. नात मोनिका नववीत. “भीमा, माझ्यासंगं चल बाबा. बाईम्होरं बोलायला मला लई भ्या वाटतं.” गेलो.

दार शौनकनं उघडलं. उंच झालाय, मिसरूड फुटलंय. झुंबरबाईनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं त्याच्यापुढंच हात जोडले. “बाळा, तुझ्या आयला सांग की रं. माझ्या मोनीला शौनक करू नका म्हनावं. बिनआईची पोर हाय.”

मी तिचा दंड दाबला, पण ती बोलून गेली होती. शौनकनं माझ्याकडं पाहिलं. मला त्याच्याकडं बघवेना. मग त्यानं आत तोंड केलं आणि साध्या आवाजात निरोप दिला, “आई, या आजी आल्यात. म्हणतात, त्यांच्या मोनिकाला शौनक करू नका.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पोराकडं त्यांनी पाहिलं नाही. झुंबरबाईला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, “गणितात किती पडलेत तिला?”