निळ्या पाइपवर काकांचा विश्वास नव्हता

नवा पाइप हातात आला की काका त्याचं एक टोक बोटाने दाबून धरायचे आणि दुसरं तोंडात घालून हवा ओढायचे. गाल आत, डोळे बाहेर. मग पाइपकडे बघत म्हणायचे, "हा खोटं बोलतोय." नवखं गिऱ्हाईक असेल तर हा माणूस पेट्रोल पितोय असं समजून दोन पावलं मागे सरकायचं.

दुबईपलीकडे उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात आमचं गॅरेज. काका देवरुखकडचे, हेड मेकॅनिक. मी काउंटरवर जॉब कार्ड लिहायचो. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते मला 'ए बीकॉम' म्हणायचे, आणि तेही शिवी दिल्यासारखं.

इंजिन चालू असताना हवा आत खेचतं. त्या ओढीवर गाडीतल्या बऱ्याच गोष्टी चालतात, ब्रेकसुद्धा. ती ओढ नेणारे पाइप कशाचे असावेत, यावर काकांची मतं लग्नाच्या स्थळांइतकी कडक होती. एकदा त्यांनी एक पाइप चक्क चहाच्या किटलीत उकळला. गरम झाल्यावर मऊ पडतो का ते बघायचं होतं. दिवसभर सगळ्यांच्या चहाला टायरचा वास. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "पी गुपचूप. तुझ्या पोटाला वॉरंटी नाही."

आमचा अरबाब, म्हणजे मालक, एक दिवस शारजाहून सिलिकॉनच्या निळ्या पाइपचा भलामोठा रोल घेऊन आला. बॉनेट उघडल्यावर इंजिन कसं चकचकीत दिसतं, यावर तो खूश होता. "अब सब गाड़ी में यही डालो," त्याने फर्मावलं.

काकांनी एक तुकडा कापला, ओढला, आणि ते थुंकले. "उष्णतेला चांगला आहे. तेलाच्या वाफेला बावळट आहे, फुगतो. आणि याची भिंत बघ, पापडासारखी. ब्रेकला नाही चालणार. तिथे आत धाग्याचं विणकाम असलेला जाड रबरी पाइप पाहिजे."

मी भाषांतर करताना 'बावळट' गाळला.

"खलास," विषय संपवत अरबाब म्हणाला. "ब्रेक में भी यही."

काकांनी नकार दिला. अरबाबने दुसऱ्या मेकॅनिककडून तो पाइप एका जुन्या गाडीच्या ब्रेकला बसवून घेतला. गाडी अजमानच्या एका मराठी गृहस्थांची. ते रोज तिच्यातून दोन मुलींना दुबईत ऊद मेथाच्या शाळेत सोडायचे. मी जॉब कार्डावर 'ब्रेक ओके' लिहिलं आणि त्यांना फोन केला, गाडी तयार आहे म्हणून. मला सगळं माहीत होतं. नोकरी कशी जाते, तेही माहीत होतं.

ते दुपारी मुलींना घेऊन आले, तर किल्ली गायब. काका त्यांच्या गाडीत बसले होते, इंजिन चालू, एसी फुल, सीट मागे टाकलेली.

"काका, गाडी द्यायची आहे," मी म्हटलं.

"इंजिन तापू दे."

वीस मिनिटांनी ते उतरले आणि अरबाबला म्हणाले, "आप बैठो. ब्रेक मारो."

अरबाब वैतागून बसला. एकदा दाबला, दोनदा दाबला. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं. त्याने दोन्ही पाय लावले, पार्श्वभाग सीटवरून उचलला, तरी ते हलेना. काकांनी बॉनेट उघडलं. आतला निळा पाइप ओढीने चपटा होऊन चिकटला होता. रस्त्यावर असताना हे झालं असतं तर, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मुलींच्या वडिलांनी दोघींचे हात घट्ट धरले होते.

धाकटीने विचारलं, "इज अवर कार ब्रोकन?"

"नो ब्रोकन," काका म्हणाले. "पाइप स्लीपिंग."

अरबाब खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते. "निकालो," एवढंच बोलला. काकांनी रबरी पाइप बसवला, गाडी पुन्हा तापवली, पुन्हा ब्रेक मारले. मग माझ्याकडे आले. "ए बीकॉम, पेन दे." माझं 'ब्रेक ओके' त्यांनी खोडलं, तेच शब्द खाली स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांनी त्यांचा व्हिसा संपला. अरबाबने वयाचं कारण दिलं आणि तो वाढवला नाही. निळा रोल मात्र त्याने पुन्हा कधी ब्रेकच्या कामाला काढला नाही.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. वाटेत मला माफी मागायची होती. "काका, त्या दिवशी मी..." एवढं म्हणालो, तर ते म्हणाले, "गप. गाडी ऐकू दे." आत शिरण्याच्या दारापाशी गाडी थांबताच त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि नव्या पांढऱ्या शर्टात आत वाकले. पोलीस घाई करत आला, "यल्ला, यल्ला."

"एक मिनिट, हबीबी," काका आतूनच म्हणाले, आणि एक सैल क्लिप आवळून बॉनेट आपटलं.

पोलिसाने मला हाकललं. निरोप राहिलाच. आरशात दिसले ते असे: एका हाताने ट्रॉली ढकलताहेत, आणि दुसरा काळा झालेला हात शर्टाला लागू नये म्हणून लांब धरलाय, पुसायला काही मिळतंय का बघत.