दोन पाकिटांतला पासवर्ड

“कुलूप दाराला, आन् किल्ली बी दारालाच लटकवायची? कावून?” शर्टाच्या खिशातली फ्लॉपी चाचपत आमचे साहेब विचारायचे. समोर नवा माणूस असला की हमखास.

परळीजवळच्या आमच्या साखर कारखान्यात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. साहेब त्या विभागाचे प्रमुख, मी ऑपरेटर. कोणाच्या उसाची लागण कधीची हे मशीनमध्ये असायचं आणि त्यावरून तोडणीची पाळी ठरायची. रोज दुपारी चारला या यादीची नक्कल आपोआप टेपवर उतरायची. पासवर्डशिवाय ती टेप कुणाला वाचता यायची नाही. पण पुण्याहून आलेल्या माणसाने तो पासवर्ड प्रोग्राममध्येच उघडा लिहून ठेवलेला. साहेबांनी तो काढून फ्लॉपीवर घातला. चारला फ्लॉपी मशीनमध्ये, काम झालं की परत खिशात.

“आणि तुम्हाला काही झालं तर?” मी एकदा विचारलं.

त्यांनी पासवर्डाचे दोन तुकडे लिहून लाखेने दोन पाकिटं बंद केली. एक शेतकी अधिकाऱ्यांना, दुसरं चीफ केमिस्टना. गेस्ट हाऊसच्या एका खोलीवरून या दोघांची बोलचाल बंद होती.

“म्हणून तर दिलं, ताई. हे दोघं एका टेबलावर बसले, तर कारण लई मोठं असंल. आन् कुणी पासवर्ड पाहिला, की त्याच दिवशी बदलायचा.”

एका संचालकाच्या पुतण्याला तोडणीची पाळी आधी यावी म्हणून आपली लागणीची तारीख मागे न्यायची होती, टेपवरसुद्धा. “एक शब्द तर सांगायचा हाय, साहेब.”

“न्हाई.”

“बदली होईल.”

“होऊ द्या. जाताना पासवर्ड बदलून जाईन.”

बदली झाली नाही, पण बढतीही कधी मिळाली नाही. त्याचा मला अजून राग येतो.

पुढे कावीळ झाली तेव्हा फ्लॉपी माझ्या हाती देऊन ते दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी, ऐन गाळपात, चारच्या ठोक्याला मशीनला विजेचा झटका बसला. डिस्क गेली, आतली फ्लॉपीही गेली. तोडणीची यादी आता फक्त आदल्या दिवशीच्या टेपवर होती.

नवी डिस्क आली, तेव्हा ते दोघे अधिकारी एका टेबलावर बसले. लाख फोडली. साहेबांच्या ठसठशीत अक्षरातले दोन तुकडे मी जोडून टाइप केले. टेप फिरली आणि यादी पुरती आली, शेवटच्या पानावरच्या एका एकरवाल्या शेतकऱ्यासकट.

मला रडू आवरेना.

“चिठ्ठ्या ठेवा, ताई. आठवण राहील,” केमिस्ट म्हणाले.

ठेवाव्याशा फार वाटल्या. पण तिघांनी पाहिलं होतं. चार वाजायच्या आत पासवर्ड बदलून नव्या फ्लॉपीवर घातला, चिठ्ठ्या कँटीनच्या चुलीत घातल्या, नवी पाकिटं दोघांना दिली.

संध्याकाळी शिंप्याकडे जाऊन ड्रेसला खिसा लावायला सांगितला.

“कावून?” त्याने विचारलं.

“किल्ली ठेवायला.”