बियापुरतं पाणी

काल पेरणीसाठी कणगी उघडली आणि ज्वारीत घातलेल्या कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा कडवट वास आला. कणगीमागं पाणी उपसायच्या जुन्या इंजिनाची गंजलेली जाळी पडली होती, पाइपाच्या तोंडाला लावायची.

लग्नानंतरचा माझा तो दुसरा उन्हाळा. तेरणा नदी आटून आमच्या शेताखाली एकच डोह उरला होता. ऊस वाळत होता, म्हणून ह्यांनी डोहात पाइप सोडला. पाणी खाली जाईल तशी जाळी सारखी तुंबायला लागली. बोटाएवढे मासे, झिंगे तिला चिकटून बसायचे. मी गुडघाभर चिखलात उभी राहून ते ओरबाडून काढायची आणि काठावर फेकायची. डोहात टाकले तर परत जाळीतच येतील, एवढंच मला कळत होतं.

नदीत मासे धरून पोट भरणाऱ्या काशीमावशी काठावर येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "हातभर पाणी मासळीच्या बियाला तरी ठिवा की. बियाची ज्वारी दळून खाता व्हय तुमी?"

"ऊस हातचा जाईल, मावशी," हे म्हणाले. त्यांची नजर वाळत्या उसावर होती. "पाऊस आला की नदी भरंल."

ऊस वाचला. नदीही भरली, पण मावशींचं जाळं रिकामंच वर येत राहिलं. आता तर पाऊस दोन दिवसांत कोसळून जातो आणि डोहही टिकत नाही.

ओंजळभर ज्वारी उजेडात धरून पाहिली. एकही दाणा किडला नव्हता. आमच्या घरात बियाची ज्वारी आजवर कुणी दळलेली नाही.